डागकाकू गप्प बसल्या

डागकाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव त्यांना आहे, पण ते मतदानाच्या दिवशी यादीवाला पुकारतो तेव्हा त्या स्वतःच मागे वळून बघतात, ही कोण बाई म्हणून. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांची लाँड्री. खाली दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद जिना. त्या जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली की एकाला माघार घ्यावी लागते. डागकाकूंनी आयुष्यात तिथे कधी माघार घेतलेली नाही.

दुकानात मागच्या बाजूला, खिडकीखाली एक लांब टेबल. त्यावर बाटल्या, ब्रश, चिंध्या, आणि टेबलामागे डागकाकू. चहा, शाई, ग्रीस, गंज, लिपस्टिक, मुलांच्या नाकातून गळणारं सगळं काही, असा कुठलाही डाग त्यांच्यापुढे ठेवा. त्या तो उजेडात धरणार, वास घेणार, एकदा "हं" म्हणणार, की समजावं डागाचे दिवस भरले. नवऱ्याकडे इस्त्री. काकांचा स्वभावही इस्त्रीसारखाच, तापायला वेळ लागतो, पण एकदा तापले की समोरच्याला सरळ करूनच थांबतात. चिरंजीव धुलाईची यंत्रं सांभाळतात आणि यंत्रांइतकंच बोलतात, म्हणजे बिघडले तरच. काउंटरवर सूनबाई. हसतमुख, चटपटीत, उधारी मागणाऱ्याला असं गोड नाही म्हणणार की तो जाताना वर आभार मानून जातो. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत गल्लीतल्या प्रत्येकाने, पोस्टमनपासून पाववाल्यापर्यंत, तिला एकदा तरी विचारून झालं होतं की काय मग, गोड बातमी कधी? पहिलं वर्ष ती लाजली. दुसऱ्या वर्षी हसली. आता नुसतं टोकन फाडून हातात द्यायची.

दुकानाचा एक नियम होता, आणि तो डागकाकूंनी केलेला होता. कपडा पाण्यात जायच्या आधी त्याचा खिसा बघायचा. बघायचा म्हणजे गुपचूप नाही, मोठ्याने. फार वर्षांपूर्वी एका गृहस्थाने कोटाच्या खिशात अंगठी होती असा कांगावा केला होता. त्या दिवसापासून जे काही खिशातून निघेल ते सगळ्यांसमक्ष पुकारून काउंटरवरच्या पत्र्याच्या ताटात ठेवायचं, असा दंडकच पडला. त्या ताटात काय काय आलं असेल! दातांची कवळी आली, अर्धं खाल्लेलं बिस्किट आलं, एकदा चक्क जिवंत गोगलगाय आली. एका अतिशय शिस्तीच्या साहेबांच्या पँटमधून सिनेमाच्या दुपारच्या खेळाची दोन तिकिटं निघाली, नेमकी त्यांच्या बायकोच्या देखत, आणि बायको सिनेमाला गेली नव्हती. साहेब तेव्हापासून कपडे पलीकडच्या गल्लीत देतात. कुणी म्हणालं, काकू, जरा हळू पुकारायचं होतं. डागकाकू म्हणाल्या, आपण कपडे धुतो, लोकांची अब्रू धुवायचं कंत्राट घेतलेलं नाही. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे बरीच वर्षं त्या ते योग्य-अयोग्य सगळ्या प्रसंगी वापरत राहिल्या.

तर अशा या बाईंची शेहेचाळिसाव्या वर्षी पाळी बिघडली.

पूर्वी कशी, सरकारी अधिकाऱ्यासारखी यायची. ठरल्या तारखेला हजर, ठरल्या दिवशी रवाना, मधे तक्रारीला जागा नाही. आता तिचं लक्षण बदललं. कधी पंधरवड्यात दोनदा, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की नकोशा नातेवाइकासारखी मुक्काम ठोकून बसायची, हलायचं नाव नाही. डागकाकू आधी दुर्लक्ष करून बघत होत्या. त्यांचा असा अनुभव होता की अर्धे डाग दुर्लक्ष केल्याने जातात. हा गेला नाही. एका सकाळी त्या एका कोटाच्या बाहीशी झटापट करून खुर्चीवरून उठल्या, आणि खुर्चीच्या गादीकडे त्यांचं लक्ष गेलं. सगळ्या गल्लीचे डाग पुसणारी बाई स्वतः डाग ठेवून उठली होती. त्यांनी झटकन त्यावर हातातला कोट टाकला. तेवढ्यात सूनबाई काहीतरी विचारायला आत आली, कोटाकडे बघितलं, सासूच्या तोंडाकडे बघितलं, आणि न विचारताच परत गेली. डागकाकूंनी स्वतःची समजूत घातली की हिला काही दिसलं नाही. माणसाला जे हवं असतं ते पटवून घ्यायला फारसा वकील लागत नाही.

डॉक्टरीणबाईही त्यांनी अशी शोधली की दोन बस बदलून जावं लागेल आणि वाटेत ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि पाळीबद्दल असं बोलत होती जसं आपण भाजी महागली म्हणून बोलतो. रक्त तपासलं, पोटाचं चित्र काढलं, रक्तदाब बघितला. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाली. या वयात शरीरातली हार्मोन्स अशी वरखाली होतात, गोळ्या घ्या, रोज एक, ठरल्या वेळेला, मधे विसरू नका आणि मनाने बंद तर मुळीच करू नका. आणि मग सहज पुढे म्हणाली की याच गोळ्या बऱ्याच बायका मूल नको म्हणून घेतात, पण तुम्हाला त्या पाळी ताळ्यावर आणायला दिल्यात.

डागकाकूंनी यातलं पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि त्यांचे कान बंद झाले. घरात सून, लग्न झालेला मुलगा, सगळे पाळण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले, आणि सासू मूल होऊ नये म्हणून गोळ्या घेते! लोक काय म्हणतील याचा त्यांनी बसमध्ये बसून सविस्तर विचार केला. लोक नेमकं काय म्हणतील, कोण म्हणेल, कुठल्या सुरात म्हणेल, आणि काकांकडे बघून कसे डोळे मिचकावतील, इथपर्यंत. घरी उतरेपर्यंत त्यांचा निर्णय पक्का झाला. ही गोष्ट या कानाची त्या कानाला कळता कामा नये. औषधवाल्याला त्यांनी, तो काही विचारत नसताना, सांगून टाकलं की मैत्रिणीसाठी हव्यात. त्याने मान डोलावून पाकीट काळ्या पिशवीत घातलं. खोकल्याचं औषध पांढऱ्या पिशवीत मिळतं. काळ्या पिशवीत काय मिळतं ते सगळ्या रस्त्याला माहीत असतं.

पण गोळ्यांनी काम केलं, हे कबूल केलं पाहिजे. काही दिवस मळमळलं, मग अंग स्थिरावलं, नकोसा पाहुणा पुन्हा वेळापत्रक पाळू लागला. डागकाकू पाकीट एप्रनच्या खिशात ठेवत आणि सकाळी दुकान उघडून चहाचा पहिला घोट घेताना, काका इस्त्री तापवत पाठमोरे असताना, एक गोळी गिळून टाकत. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. एकदा तर त्या ब्रश चालवताना गुणगुणल्या. काका दचकून मागे वळले, त्यांना वाटलं यंत्राचा पट्टा सैल झाला.

आता सुनेचा आणि सासूचा एप्रन अगदी सारखा. निळा, मोठ्या खिशाचा. कुणी एक गिऱ्हाईक निळे पडदे टाकून गेलं ते परत आलंच नाही. वर्षभर वाट बघून डागकाकूंनी त्या पडद्यांचे एप्रन शिवले. आठवड्याच्या शेवटी ते धुवायला पडत. आणि उभ्या जगाचे खिसे उपसणाऱ्या या बाईला, इतक्या वर्षांत, स्वतःचा खिसा बघायची सवय कधी लागलीच नव्हती. कशाला लागेल? तिच्या खिशात काय असणार?

त्या संध्याकाळी डागकाकू एका शर्टाच्या शाईत कोपरापर्यंत बुडालेल्या होत्या, म्हणून खिसे बघायचं काम काकांनी घेतलं. काउंटरपुढे शाळेतल्या बाई घरचे पडदे धुवायला घेऊन उभ्या होत्या. या बाई समोरच्या इमारतीत राहतात, लहान मुलांना वाचायला शिकवतात, आणि जे दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना धंद्यामुळे सवय लागली आहे. काका पुकारत होते, पँटचा मागचा खिसा, एक कंगवा. कोट, आतला खिसा, काही नाही. मग दोन्ही एप्रन एकदम उचलून झटकले आणि काहीतरी टपकन जमिनीवर पडलं. काकांनी उचललं. "एप्रनचा खिसा," त्यांनी सवयीने पुकारलं, "गोळ्यांचं एक पाकीट." चष्मा वर घरात राहिला होता. कुठल्या गिऱ्हाइकाचं औषध आपल्याकडे आलं, म्हणून त्यांनी ते बाईंपुढे धरलं, जरा वाचता का.

बाईंनी वाचलं. उलटून मागचंही वाचलं. आणि म्हणाल्या, "अहो काका, या तर मूल राहू नये म्हणून घेतात त्या गोळ्या. माझी भाची घेते."

काकांच्या हातात इस्त्री नव्हती हे बरं, नाहीतर कुणाचा तरी शर्ट जळाला असता. यंत्रांच्या खोलीच्या दारात चिरंजीव ओल्या चादरी घेऊन उभे होते ते तसेच राहिले. आणि मग काहीही न ठरवता, वाऱ्याने गवत एका बाजूला झुकावं तसं सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. काकांनी पाहिलं. तिच्या नवऱ्याने पाहिलं. बाईंनी पाहिलं.

डागकाकूंनीही पाहिलं.

पुढे जे काही झालं त्याला कारणं देता येतील, पण या एका गोष्टीला कारण देता येत नाही, आणि डागकाकूंनी ते देण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. त्या नुसत्या गप्प बसल्या असत्या तर धक्का बसला म्हणता आलं असतं. पण त्यांची मान वळली. इतरांच्या बरोबरीने, इतरांसारखीच, नवल वाटल्यासारखी.

"माझ्या नाहीत," सूनबाई म्हणाली. ती एकदाच म्हणाली. मग तिने सरळ डागकाकूंकडे बघितलं आणि बघतच राहिली. डागकाकूंनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ओठांवर शब्द आले होते. आणि त्यांनी शाळेतल्या बाईंना विचारलं, "पडदे तुम्हाला कधीपर्यंत हवेत?"

त्यानंतर त्या घराचं जे झालं ते सांगायलाही नको वाटतं. चिरंजीव मुळात बोलत नव्हते, आता ते दणदणीत बोलत नव्हते. दारं बोलायची, बादल्या बोलायच्या. तीन वर्षं आपल्याला फसवलं, एवढं एकच वाक्य ते आईपाशी येऊन बोलले, आणि त्यांचे डोळे भरून आले. लहानपणी सायकलवरून पडले तेव्हाच डागकाकूंनी ते असे पाहिले होते. काकांनी पाकीट पुराव्यासारखं गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि व्याह्यांना निरोप धाडला की सुट्टीच्या दिवशी या, बोलायचं आहे. सूनबाई काउंटरवर उभी राहायची, टोकन फाडायची, पण हसायची नाही. गिऱ्हाइकंही आता गोड बातमी विचारेनाशी झाली, यावरून काय ते समजावं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारत नव्हतं.

आणि डागकाकू? त्या उद्या सांगणार होत्या. चहा झाला की सांगणार होत्या. हा एवढा डाग निघाला की सांगणार होत्या. त्यांनी ते वाक्य शर्टांना सांगून बघितलं, चादरींना सांगून बघितलं, एका लष्करी ओव्हरकोटापुढे तर संपूर्ण कबुली दिली आणि ओव्हरकोटाने ती फार समजुतीने ऐकून घेतली. पण माणूस समोर आलं की विषय हवापाण्यावर जाई. एकदा काका एकटे सापडले. डागकाकू म्हणाल्या, अहो, त्या गोळ्यांचं एक बोलायचं होतं. काकांनी इस्त्री बाजूला ठेवली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझा काय दोष यात. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात काकांनी खांद्यावर हात ठेवण्याचे प्रसंग मोजके. नेमका हाच त्यांनी निवडला. डागकाकू टेबलाशी परत आल्या आणि स्वच्छ असलेली बाही घासत बसल्या.

त्यात आणखी एक. गोळ्या ड्रॉवरमध्ये बंद. दुसरं पाकीट आणायचं तर पुन्हा औषधवाला, पुन्हा मैत्रीण, पुन्हा काळी पिशवी, तेही अशा दिवसांत की गल्लीचा डोळा या घरावर. गोळ्या अर्ध्यात तुटल्या. डॉक्टरीणबाईने बजावलं होतं तसंच झालं, अंगावरून जाऊ लागलं, आणि असं जाऊ लागलं की डागकाकू काळे कपडे घालून, खुर्चीवर जुन्या टॉवेलची घडी घालून बसू लागल्या. पाय ओढत होत्या. एका दुपारी पाण्याची भरलेली बादली उचलायला गेल्या आणि टेबलाचा कोपरा धरून थांबल्या. मागून सूनबाई आली. सासूच्या हातातून बादली काढून घेतली, नळापाशी नेऊन रिकामी केली, परत आणून ठेवली, आणि काउंटरवर निघून गेली. सबंध वेळात तिने एकदाही वर पाहिलं नाही.

हिला माहीत आहे. डागकाकूंच्या त्या क्षणी लक्षात आलं. खुर्चीवरच्या कोटापासून हिला सगळं माहीत आहे. आणि ही सांगत नाही.

सुट्टीच्या दिवशी व्याही आणि विहीणबाई आले. व्याही बस चालवतात. खोलीत शिरतानाही ते मागे कुणी उतरायचं राहिलं का असं बघून घेतात. विहीणबाई फळांची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि ती कुणाच्या हातात द्यावी हे न कळल्याने मांडीवर धरून बसल्या. वरच्या खोलीत सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या नव्हत्या, म्हणून चिरंजीव भिंतीला टेकून, सूनबाई खिडकीत. काकांनी पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग त्यांनी भाषण केलं, घडी न मोडता, कॉलरपासून सुरुवात करून बाह्यांपर्यंत. आम्ही मुलीसारखं वागवलं. मूल नको असेल तर तसं सांगायचं. पण लपवून? ज्या घरात खिशातली टाचणीसुद्धा लपवत नाहीत, त्या घरात?

विहीणबाईंना रडू आलं. त्या लेकीला म्हणाल्या, तुला मी असं शिकवलं होतं का. पिशवीतून एक संत्रं निसटून टेबलाखाली गेलं, ते कुणी उचललं नाही. सूनबाई खिडकीतून आत वळली, आणि आता ती सांगणार असं डागकाकूंना वाटलं. त्यांना, खरं सांगायचं तर, तिने सांगावं असं वाटलं. दुसऱ्याने सांगून टाकलं तर सुटलो, असं. पण सूनबाई नुसती आईकडे बघत राहिली.

"त्या माझ्या आहेत," डागकाकू म्हणाल्या.

 काका खुर्चीवरून उठले. ते व्याह्यांकडे वळले आणि म्हणाले, बघा, आमची ही अशी आहे. सुनेची चूक स्वतःच्या अंगावर घेते. विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली, उठून डागकाकूंचे दोन्ही हात धरले आणि रडत रडत म्हणाल्या की अशी सासू शोधून सापडणार नाही. व्याह्यांनी सद्गदित होऊन मान हलवली. चिरंजीव बायकोकडे असे बघू लागले की बघ, बघ माझी आई.

एक क्षण, अगदी एक क्षण, डागकाकूंना ते बरं वाटलं. खरं बोलूनही झालं होतं आणि कुणाला खरंही वाटलं नव्हतं. वर कौतुक फुकट. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. मग विहीणबाईंच्या खांद्यावरून त्यांना सूनबाई दिसली. ती हसत होती. तीन वर्षांत न बघितलेलं, वाईट हसू.

"अहो, सोडा हात," डागकाकू म्हणाल्या आणि हात सोडवून घेतले. "मोठेपणा करत नाहीये मी. माझ्या म्हणजे माझ्या. मी गिळते त्या, रोज, चहाबरोबर."

मग त्यांना सगळंच सांगावं लागलं, कारण एवढ्यावर कुणी विश्वास ठेवेना. ज्या शब्दांचा उच्चार त्यांनी नवऱ्यापुढेही केला नव्हता ते शब्द व्याह्यांपुढे करावे लागले. पाळी कशी दोनदा यायची, कशी राहायची, गाठी कशा पडायच्या, खुर्चीवर काय झालं, दोन बस बदलून कुठे गेल्या, डॉक्टरीणबाई काय म्हणाली. "पाळीसाठी आहेत. मुलाबिलासाठी नाहीत. आणि आता तुम्ही ड्रॉवरमध्ये कोंडल्यात म्हणून परत सुरू झालंय. या घडीलाही सुरू आहे. आणखी काय दाखवू?"

व्याही खिडकीबाहेरच्या रहदारीत मनापासून रस घेऊ लागले. काकांचा चेहरा कॉलरपासून वर लाल होत गेला. त्यांनी आधी पाकिटाकडे बघितलं, मग व्याह्यांकडे, मग घाईघाईने, कुणी विचारलं नसताना, ठासून सांगितलं की पाळीसाठी, ती म्हणाली ना, पाळीसाठी. विहीणबाईंचे डोळे कोरडे झाले होते. त्या हळूच म्हणाल्या की मलाही असंच झालं होतं, मी तर कुणाला दाखवलंच नाही, रक्त कमी होऊन जिन्यात पडले तेव्हा कळलं. व्याह्यांनी दचकून मान वळवली. म्हणजे तू त्या दिवशी पाय घसरून पडली नव्हतीस? पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नव्हती, कारण सूनबाई खिडकीतून पुढे आली होती.

"इतके दिवस का लागले?" तिने विचारलं.

"लाज वाटली गं."

"आणि माझी गेली, तिचं?"

डागकाकूंनी वाकून टेबलाखालचं संत्रं उचललं. "तुला माहीत होतं ना," त्या म्हणाल्या, "मग तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं होतं की माझ्या नाहीत. ते कुणी ऐकलं?" ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, पण चिरंजीव भिंतीत शिरता येईल तेवढे शिरले. "तुमचं नाव मी घेणार नव्हते. मला बघायचं होतं आई, तुम्ही कुठवर गप्प बसता. माझी आई रडेपर्यंत बसलात."

चिरंजीव पुढे आले, तिचं नाव घेतलं, हात पुढे केला. ती म्हणाली, तुझं नंतर. आणि ते निमूट मागे गेले. काका घसा साफ करून म्हणाले की चला, जे झालं ते झालं, घरातली गोष्ट घरात मिटली हे उत्तम झालं. त्यांना चहा हवा होता.

"घरात कुठे झाली होती?" सूनबाई म्हणाली. "दुकानात झाली. शाळेतल्या बाईंपुढे झाली. मिटवायची तर तिथे मिटवायला हवी."

कुणीतरी म्हणालं की हळूहळू लोक विसरतात. सूनबाईने डागकाकूंकडे पाहिलं. डागकाकूंनी आयुष्यात किती तरी जणांना सांगितलं होतं की डाग जितका राहील तितका धरतो. ते वाक्य आज कुणी त्यांना ऐकवलं नाही, पण त्या उठल्या, पाकीट उचललं, बाकीच्यांपुढेच एक गोळी पाण्याबरोबर घेतली, मग डॉक्टरीणबाईने बजावलेलं आठवून आपण आता बरोबर केलं की चूक या विचाराने आणखीच घाबऱ्या झाल्या, आणि काका ताडकन म्हणाले की उद्या तिच्याकडे मी येतो बरोबर, दोन काय चार बस बदलू. मग डागकाकू जिना उतरू लागल्या. त्यांच्या मागे पावलं वाजली. सूनबाई होती. आधार द्यायला आली नव्हती, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. कैद्याबरोबर शिपाई चालतो तशी ती दोन पावलं मागे चालत होती.

समोरच्या इमारतीत शाळेतल्या बाईंनी डोक्याला टॉवेल गुंडाळून दार उघडलं आणि सुट्टीच्या दिवशी पडदे घरपोच, केवढी ही सेवा, म्हणाल्या. डागकाकू म्हणाल्या की पडद्यांचं नाही आले. दाराच्या मागे बाईंचा भाऊ की कोण वर्तमानपत्र वाचत बसलेला दिसत होता. आत या, असं बाई म्हणाल्या. डागकाकू म्हणाल्या की नको, आत आले तर नाही जमायचं. मग त्यांनी उंबऱ्यावरूनच सांगितलं. त्या गोळ्या माझ्या होत्या. पाळीसाठी. माझ्या सुनेच्या नव्हत्या, आणि ती तसं म्हणाली होती, आणि मला ठाऊक असून मी पडद्यांचं विचारलं.

वर्तमानपत्र खाली आलं, आणि झटकन पुन्हा वर गेलं.

शाळेतल्या बाईंचा चेहरा पडला. त्या टॉवेल सारखा करत म्हणाल्या की अगंबाई, हो का, असं होय. मी काही कुठे बोलले नाही. डागकाकू जागच्या हलल्या नाहीत. लोक खिशात काहीच नव्हतं म्हणतात तेव्हा कसे दिसतात हे त्यांना पाठ होतं. बाईंनी टॉवेल पुन्हा सारखा केला. म्हणजे शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक विषय निघाला होता, त्या म्हणाल्या, त्या ओघात. आणि खालच्या मजल्यावर जरा. आणि पाववाल्याकडे, पण तिथे नाव घेतलं नव्हतं, नुसतं लाँड्रीवाली म्हटलं होतं.

"मी सांगेन सगळ्यांना," बाई ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेता."

"नाही," डागकाकू म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत की तुमच्या तोंडचं होईल. माझ्या तोंडचं व्हायला हवं. खालचा मजला म्हणजे डावीकडचं दार की उजवीकडचं?"

डावीकडचं, बाईंनी सांगितलं.

सूनबाई खाली फाटकाशी उभी होती, हाताची घडी घालून, रस्त्याकडे तोंड करून. आत यायला तिला कुणी अडवलं नव्हतं. डागकाकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. पोटात कळ येत होती, कंबर ओढत होती, आणि डाव्या दारामागून हसण्याचे आवाज येत होते, चांगली चार-पाच माणसं असावीत.

"झालं?" सूनबाईने न वळता विचारलं.

"एक झालं," डागकाकू म्हणाल्या. "आणखी आहेत."

सूनबाई वळली. तिने सासूला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, काळ्या कपड्यांकडे, पोटावर दाबून धरलेल्या हाताकडे. ती म्हणाली, बसायचं असेल तर पायरीवर बसा थोडं, मी थांबते. डागकाकू बसल्या नाहीत. बसलो की उठणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी केस मागे सारले, घसा खाकरला, आणि डावीकडच्या दारावर टकटक केली.